वाकडा अलिफ: जास्त नंबरच्या डोळ्याचा इतिहास

आठवीच्या वर्गात फळ्यावर धड्याचं नाव लिहिलं आणि त्यातला अलिफ मला वाकडा दिसला. अलिफ म्हणजे एक उभी सरळ रेघ. वीस वर्षं उर्दू शिकवते आहे, तो माझ्या हातून वाकडा येणं शक्य नव्हतं. मुलांना विचारलं, "सीधा है ना?" मुलं म्हणाली, "जी, टीचर." पुढचा तास मराठीचा होता. तिथे शिरोरेखा मधेच खाली दबलेली दिसली, ओल्या कपड्याच्या वजनाने दोरी दबते तशी. डावा डोळा झाकला की रेघ वाकायची, उजवा झाकला की सरळ व्हायची.

माझ्या उजव्या डोळ्याचा नंबर उणे 13 आणि डाव्याचा उणे 11. लहानपणापासून जाड भिंगाची सवय. त्यामुळे मी केलं ते एवढंच की चष्म्याच्या दुकानात गेले. तिथे नंबर पुन्हा तपासला, नवी काच बसवून दिली, आणि मी समाधानाने घरी आले. यात दोन महिने गेले. रेघ वाकडीच राहिली आणि वाकड्या जागी आता एक धुरकट ठिपका आला. मग पडद्याच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ओसीटी काढला, दंडात पिवळा रंग टोचून डोळ्याचे फोटो घेतले आणि सांगितलं की पडद्याखाली नव्या रक्तवाहिन्या उगवल्यात, त्यातून रक्त आणि पाणी झिरपतंय. कारण? जास्त नंबर. या आजाराचं इंग्रजी नाव बरंच लांब आहे, डॉक्टर त्याला 'मायोपिक सीएनव्ही' म्हणतात.

चाळीस वर्षं चष्मा लावूनही नंबर हा फक्त काचेचा प्रश्न नसतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही कधी वाचलं नव्हतं. मग वाचायला लागले, एका डोळ्याने, मोबाइलवरची अक्षरं मोठी करून. हा लेख त्या वाचनातून आला आहे.

सुरुवात शब्दांपासून करते, कारण माझा पेशाच तो. उर्दू माध्यमाच्या विज्ञानाच्या पुस्तकात डोळ्याच्या थरांची नावं अशी येतात: क़रनिया, मशीमिया, शबकिया. मुलं ती पाठ करतात आणि विसरतात. क़र्न म्हणजे शिंग, म्हणून शिंगासारखा पारदर्शक पुढचा थर तो क़रनिया. शबका म्हणजे जाळं, म्हणून शबकिया, मराठीत दृष्टिपटल. आणि मशीमा म्हणजे वार, गर्भाशयात बाळाला रक्त पुरवणारी. दृष्टिपटलाच्या मागे रक्तवाहिन्यांनी भरलेला जो थर असतो तो वारेसारखा, म्हणून मशीमिया. इंग्रजीत याच तीन थरांना कॉर्निया, कोरॉइड, रेटिना म्हणतात, आणि अर्थ तेच: शिंग, वार, जाळं. मुळात या उपमा ग्रीकांच्या. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक़ने त्या अरबीत आणल्या. त्याने डोळ्यावर दहा मक़ाले लिहिले, आणि त्याच्या नावावर चालत आलेल्या हस्तलिखितांत डोळ्याची जी आकृती मिळते ती अशा सर्वांत जुन्या आकृत्यांपैकी आहे. पुढे बाराव्या शतकात तोलेदोमध्ये अरबी वैद्यकाचे लॅटिन अनुवाद झाले तेव्हा शबकियाचं 'रेटिना' झालं, कारण लॅटिनमध्ये जाळ्याला 'रेटे' म्हणतात.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते. हुनैन मुसलमान नव्हता, तो ख्रिस्ती होता आणि ख़लीफ़ाच्या दरबारात हकीम होता. आपल्याकडे व्हॉट्सॅपवर 'मुसलमान शास्त्रज्ञांची यादी' फिरते, त्यात तो अनेकदा मुसलमान करून टाकलेला असतो. बगदादचं मोठेपण, त्याने ख्रिस्ती हकीमाला असं काम करू दिलं आणि ते वाचलं, यात आहे. यादी फुगवून ते वाढत नाही.

माझा आजार याच दोन थरांमधला, मशीमिया आणि शबकियामधला. त्यांच्यामध्ये एक अतिशय पातळ पडदा असतो, ब्रुखचा पडदा. कार्ल ब्रुख या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने 1844 मध्ये त्याचं वर्णन केलं. हा पडदा भिंतीसारखा असतो. मागच्या रक्तवाहिन्या मागेच राहाव्यात, पुढच्या जाळ्यात घुसू नयेत, हे त्याचं काम. साधारण माणसाच्या डोळ्याची लांबी पुढून मागे 24 मिलिमीटरच्या आसपास असते. माझ्यासारख्यांचा डोळा मागच्या बाजूने लांबत जातो, 28, 30 मिलिमीटरपर्यंतसुद्धा. कातडं तेवढंच, फुगा मोठा. सगळे थर ताणले जातात आणि ब्रुखचा पडदा तडकतो. 1975 मध्ये क्लाइन आणि कर्टिन या अमेरिकन डॉक्टरांनी या तड्यांवर लिहिलं. त्यांना 'लॅकर क्रॅक' म्हणतात, कारण जुन्या रोगण दिलेल्या भांड्यावर जशा बारीक भेगा पडतात तशा त्या दिसतात. अशा भेगेतून मागची नवी रक्तवाहिनी पुढे येते. ती घाईने बांधलेल्या घरासारखी कच्ची असते, गळते. आणि ही गळती बहुतेकदा नेमकी डोळ्याच्या मध्यबिंदूजवळ होते, जिथून आपण अक्षर वाचतो. जाळं उचललं जातं, म्हणून अलिफ वाकतो.

आता इब्न अल-हैसम. त्याच्याशिवाय आपल्याकडे डोळ्यावरचा कोणताही लेख पुरा होत नाही, आणि ते रास्तही आहे. बसऱ्यात 965 च्या सुमारास जन्म, आयुष्याचा मोठा भाग कैरोत, आणि 'किताबुल मनाज़िर' हा सात भागांचा ग्रंथ. त्याच्या आधी अनेकांचा समज होता की डोळ्यातून किरण बाहेर जातात आणि वस्तूला स्पर्श करतात. गॅलेनच्या मार्गाने जाणारे हकीम म्हणत की मेंदूतून 'रूह-ए-बासिरा', म्हणजे बघण्याची शक्ती, नसेतून डोळ्यात येते. लांबचं न दिसण्याचं कारणही ते या रूहच्या कमीजास्तपणात शोधत. इब्न अल-हैसमने दाखवलं की उजेड वस्तूवरून निघतो आणि डोळ्यात येतो. सूर्याकडे पाहिलं की डोळा दुखतो, ही त्याची एक दलील. किती साधी आणि किती पक्की!

पण त्याने निकटदृष्टीचं कोडं सोडवलं नाही, आणि हेही तितक्याच मोकळेपणाने सांगायला हवं. त्याच्या मते उजेड ओळखणारा भाग डोळ्यातलं भिंग होता. मागच्या जाळ्यावर उलटी प्रतिमा पडते ही कल्पना त्याने स्वीकारली नाही. ती 1604 मध्ये योहानेस केप्लरने पक्की मांडली. लांबच्या वस्तूची प्रतिमा जाळ्याच्या अलीकडेच पडते म्हणून काहींना दूरचं धूसर दिसतं आणि अंतर्गोल काच ती प्रतिमा मागे ढकलते, हेही त्यानेच सांगितलं. गंमत म्हणजे अंतर्गोल चष्मे तोवर दीडेकशे वर्षं वापरात होते. लोकांना उपयोग माहीत होता, कारण माहीत नव्हतं. केप्लरला स्वतःला लहानपणी देवी आल्या होत्या आणि नजर कमजोर झाली होती.

त्या पुस्तकाच्या नावात 'विटेलोला पुरवणी' असे शब्द आहेत. विटेलो हा तेराव्या शतकातला युरोपी विद्वान, आणि त्याचं प्रकाशशास्त्र मोठ्या प्रमाणात इब्न अल-हैसमच्या लॅटिन अनुवादावर उभं होतं. 1572 मध्ये बाझलला दोघांचे ग्रंथ एकाच खंडात छापले गेले. म्हणजे केप्लर ज्याला पुरवणी जोडत होता तो कैरोत लिहिलेला विचार होता. उस्तादाची चूक शागिर्दाने सहाशे वर्षांनी दुरुस्त केली आणि तेही उस्तादाच्याच पद्धतीने. मला यात आपली हार दिसत नाही. हार वेगळ्या ठिकाणी आहे. 1300 च्या सुमारास कमालुद्दीन फ़ारसीने 'मनाज़िर'वर मोठं भाष्य लिहिलं, आणि त्यानंतर आपल्याकडे त्या रस्त्याने चालणारे फार कमी उरले. त्याची कारणं लांबलचक आहेत, आज त्यात शिरत नाही.

केप्लरने प्रतिमा कुठे पडते ते सांगितलं, पण डोळाच लांब झालेला असतो हे कळायला मृत माणसांचे डोळे कापून मोजावे लागले. 1801 मध्ये इटलीच्या अंतोनिओ स्कार्पाने अशा डोळ्याच्या मागच्या भिंतीला आलेला फुगवटा वर्णन केला, पण त्याचा निकटदृष्टीशी संबंध त्याच्या लक्षात आला नाही. तो संबंध 1854 च्या सुमारास बर्लिनच्या आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे आणि प्रागच्या फर्डिनांड फॉन आर्ल्टने जोडला. त्याआधी तीन वर्षं, 1851 मध्ये, हेल्महोल्ट्झने एक छोटं यंत्र जाहीर केलं होतं. त्यातून जिवंत माणसाच्या डोळ्याचा तळ दिसतो. मला वाटतं, या सगळ्या कहाणीत त्याच्याएवढी मोठी गोष्ट दुसरी नाही. तोवर डॉक्टर डोळा बाहेरून पाहत, आत अंधार.

आत पाहायला मिळाल्यावर दहाच वर्षांत माझा आजार सापडला. 1862 मध्ये ब्रेस्लाउच्या (आज पोलंडमधलं व्रोत्स्वाफ) रिचर्ड फोर्स्टरने जास्त नंबरच्या डोळ्यांत मध्यभागी होणाऱ्या रक्तस्रावाचं वर्णन केलं. 1901 मध्ये व्हिएन्नाच्या एर्न्स्ट फुक्सने मध्यभागी उरणाऱ्या काळ्या डागावर लिहिलं. रक्त शोषलं गेल्यावर मागे व्रण आणि काळा रंग राहतो, तो हा. वैद्यकात त्याला अजून फोर्स्टर-फुक्सचा डाग म्हणतात. त्यांना डाग दिसला, नवी रक्तवाहिनी दिसली नाही. ती दिसायला आणखी साठ वर्षं लागली.

ब्रेस्लाउमध्ये आणखी एक माणूस होता, हेरमान कोन. शिक्षक म्हणून मला या कहाणीत सगळ्यात जवळचा तोच वाटतो. 1860 च्या दशकात त्याने शाळाशाळांत जाऊन 10,060 मुलांचे डोळे तपासले आणि 1867 मध्ये निष्कर्ष छापले. खेड्यातल्या शाळांत निकटदृष्टीची मुलं शंभरात दीडही नव्हती. शहरातल्या वरच्या शाळांत, जिथे लॅटिन-ग्रीक घोकून घेत, ती शंभरात 26 होती. आणि प्रत्येक शाळेत वरच्या इयत्तेत प्रमाण जास्त. कोनने बाकांची उंची, खिडक्यांचं माप, छापील अक्षरांचा आकार या सगळ्यावर लिहिलं. नजर कमजोर होणं ही शाळेची जबाबदारी आहे असं म्हणणाऱ्या पहिल्या लोकांत तो होता.

आज संशोधक त्यात एक भर घालतात. जवळून वाचण्याइतकाच, कदाचित जास्त, फरक बाहेरच्या उजेडाने पडतो. तैवानने 2010 पासून शाळांना सांगितलं की मुलांना दिवसातून दोन तास बाहेर काढा, आणि वर्षानुवर्षं वाढत गेलेलं तिथलं प्रमाण उतरू लागलं. हे वाचताना मला आमच्या गल्लीतल्या मुली आठवल्या. सकाळी शाळा, दुपारी मदरसा, संध्याकाळी ट्यूशन, आणि सातवीनंतर मैदानात जायचं नाही. आमच्या शाळेला मैदान आहे, पण ते पार्किंग झालंय. मी मदरशाच्या किंवा ट्यूशनच्या विरोधात बोलत नाहीये, मीही तशीच वाढले. फक्त दोन तास कुठून आणायचे याचा हिशोब त्या मुलींच्या दिवसात मला जमत नाही.

नवी रक्तवाहिनी डोळ्यांना दिसली ती 1961 नंतर. अमेरिकेत इंडियानामध्ये नोव्होट्नी आणि अल्विस नावाचे वैद्यकीचे दोन विद्यार्थी होते. दंडाच्या शिरेत फ्लुरोसिन हा पिवळा रंग टोचून निळ्या उजेडात डोळ्याच्या तळाचे फोटो घ्यायचे अशी त्यांची कल्पना. पहिला प्रयोग त्यांनी स्वतःवर केला, सुई अल्विसच्या दंडात गेली. डोळ्यांच्या नामांकित नियतकालिकाने त्यांचा लेख परत पाठवला, मग तो हृदयरोगाच्या नियतकालिकात छापून आला. माझ्याही दंडात तोच रंग गेला होता. दिवसभर त्वचा पिवळी आणि लघवी केशरी. घरातल्यांना वाटलं कावीळ झाली.

आजार दिसला म्हणजे इलाज मिळाला असं नाही. लेझरने रक्तवाहिनी जाळता येत होती, पण ताणलेल्या डोळ्यात जळाल्याचा व्रण वर्षागणिक पसरतो आणि नजर खातो. मग बहुतेकांना काहीच न करता सोडून द्यायचे. त्यांचं काय होतं ते टोकियोच्या डॉक्टरांनी 2003 मध्ये छापलं. इलाज न झालेल्या 27 डोळ्यांचा त्यांनी दहा वर्षं पाठपुरावा केला होता. पाच वर्षांनी 89 टक्के डोळ्यांची नजर दशांशावर किंवा त्याखाली आली, दहा वर्षांनी 96 टक्क्यांची. दशांश म्हणजे निरोगी माणूस साठ मीटरवरून वाचतो ते अक्षर सहा मीटरवरून. हे आकडे मी रात्री एक वाजता वाचले आणि मोबाइल बंद केला. दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला हजेरी घेताना नावं चुकत होती, कारण ती मी वाचत नव्हते, आठवत होते.

2001 मध्ये एक नवा इलाज आला. शिरेतून औषध द्यायचं आणि मंद लेझरने ते फक्त खराब जागी जागं करायचं. पहिल्या वर्षी त्याने नजर टिकत असे, दुसऱ्या वर्षाअखेर फरक पुसट होई. खरी कलाटणी कर्करोगाच्या बाजूने आली. बोस्टनचे सर्जन जुडा फोकमन यांनी 1971 मध्ये लिहिलं की गाठीला वाढायला नव्या रक्तवाहिन्या लागतात, त्या रोखल्या तर गाठ उपाशी राहील. अनेक वर्षं त्यांना गंभीरपणे घेणारे थोडेच होते. 1989 मध्ये नेपोलिओने फेरारा आणि सहकाऱ्यांनी रक्तवाहिन्यांना उगवायला सांगणारं प्रथिन वेगळं काढलं, व्हीईजीएफ. त्याला अडवणारं बेव्हासिझुमॅब 2004 मध्ये आतड्याच्या कर्करोगासाठी मंजूर झालं. पुढच्याच वर्षी फिलिप रोझेनफेल्ड यांनी त्याचा थेंबभर डोस डोळ्यात टोचून पाहिला. वृद्धांच्या पडद्याच्या आजारासाठी त्याच कुळातलं रॅनिबिझुमॅब 2006 मध्ये आलं. जास्त नंबरच्या डोळ्यांवर त्याची मोठी चाचणी झाली, 277 रुग्ण, 2014 मध्ये छापलेली. तीन महिन्यांत इंजेक्शनवाल्यांना तक्त्यावरची सरासरी दहा अक्षरं जास्त वाचता आली, जुन्या लेझर-औषधवाल्यांना दोन. आणि वर्षभरात बहुतेकांना मोजकीच इंजेक्शनं लागली.

फोर्स्टरपासून इथवर दीडशे वर्षं. माझ्या आजोबांचा एक डोळा 'आपोआप गेला' असं घरात सांगतात. ते दर्जी होते आणि त्यांनाही जाड चष्मा होता. कशाने गेला ते आता कोण सांगणार.

इलाज आहे, पण किमतीचं काय? कर्करोगाची बाटली मोठी असते, तिच्यातून डोळ्यांचे अनेक छोटे डोस निघतात, म्हणून बेव्हासिझुमॅब स्वस्त पडतं. डोळ्यासाठी खास बनवलेलं औषध कैकपट महाग. बाटली वाटून घेताना निर्जंतुकता चुकली तर डोळा जातो. 2016 च्या सुरुवातीला गुजरातमधल्या एका घटनेनंतर सरकारी औषध नियंत्रकांनी हे औषध डोळ्यात वापरण्याविरुद्ध इशारा दिला, नेत्रतज्ज्ञांनी गरिबांना मग काय द्यायचं असं विचारलं, आणि काही आठवड्यांत इशारा मागे घेतला गेला. 2015 मध्ये रॅनिबिझुमॅबची भारतीय आवृत्तीही बाजारात आली. मला काय टोचायचं हे मी डॉक्टरांवर सोडलं. पण माझ्याकडे पगार आहे. बिडी वळणाऱ्या बाईला डॉक्टर हाच प्रश्न कसा विचारत असतील?

एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं, लिहिते. मी बावीस वर्षांची असताना रिश्त्यासाठी पाहुणे आले की अम्मी हळूच म्हणायची, "चष्मा निकाल के बैठ." मी काढायचे. समोर बसलेल्या माणसांचे चेहरे मला धुक्यासारखे दिसायचे आणि मी मान खाली घालून चहाचा ट्रे अंदाजाने ठेवायचे. लग्न ठरलं तेव्हा नंबर कुणाला सांगितला नाही. लग्नानंतरही बरीच वर्षं मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले नाही, दुकानातच काच बदलून घेत राहिले, कारण डॉक्टरकडे जाणं म्हणजे डोळ्यात खोट आहे हे सासरी कबूल करणं. अम्मीला दोष देत नाही, तिला तिच्या काळात जे दिसत होतं ते तिने केलं. पण ज्या मुलीचा नंबर लपवला जातो तिचा पडदा कुणी तपासत नाही. नंबर सहाच्या वर असेल तर तो थेंब टाकून, बाहुली मोठी करून, वर्षातून एकदा पाहायला हवा. आणि रेघ वाकली तर दोन महिने थांबायचं नाही, दोन दिवससुद्धा नाही. माझ्या दोन महिन्यांची किंमत मला माहीत आहे.

मला आतापर्यंत तीन इंजेक्शनं झाली. गळती थांबली आहे. मध्ये एक फिकट डाग आहे आणि अलिफच्या कमरेत अजून थोडा बाक आहे. दुसऱ्या डोळ्यालाही हे होऊ शकतं, जपानच्या त्याच दवाखान्यात साधारण तिघांतल्या एकाला काही वर्षांत झालं होतं. म्हणून रोज फज्रनंतर मी एकेक डोळा झाकून चौकटीची वही बघते. मार्क आम्स्लर या स्विस डॉक्टरने 1940 च्या दशकात यासाठी चौकटींचा खास तक्ता बनवला, तो डॉक्टरांनी दिलाय, पण मला गणिताच्या वहीची सवय झाली आहे. चष्मा लावायचा, हातभर नव्हे, वाचतो तेवढ्या अंतरावर धरायची, मधल्या चौकटीत पेनाने ठिपका काढायचा आणि त्या ठिपक्याकडेच बघत राहायचं. आज सकाळी डाव्या डोळ्याने सगळ्या रेघा सरळ होत्या.